मराठी वाङ्मयांतील बाळंतीण

आमच्या मराठी वाङ्मयाला आई या विषयाची वाण कधींच पडली नाहीं. संतांनीं प्रत्यक्ष परमेश्वराला माउली म्हटलें. अर्वाचीन कवींनीं आईवर कविता लिहून घरोघरचे डोळे ओले केले. आणि १९३५ सालीं निघालेल्या साने गुरुजींच्या 'श्यामची आई' या पुस्तकाला तर महाराष्ट्रांतील मध्यम वर्गानें जवळजवळ नित्यपाठाची योग्यता दिली. ज्या भाषेंत मातृत्वाची एवढी पूजा झाली, त्या भाषेंत नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीच्या मनांत काय चालतें याविषयीं किती लिहिलें गेलें, हें पाहूं गेल्यास मात्र हातीं फार थोडें लागतें. आई पानोपानीं भेटते, बाळंतीण क्वचितच. ही उणीव केवळ वाङ्मयाची असती तर तिची चर्चा अभ्यासकांपुरती राहिली असती. परंतु ज्या दुःखाला भाषेंत नांव नाहीं तें दुःख घरांतल्या माणसांना दिसत नाहीं, आणि जें दिसत नाहीं त्यावर उपायही होत नाहीं. म्हणून हा प्रश्न जितका वाङ्मयाचा तितकाच आपल्या लेकीसुनांचा आहे, असें आम्ही समजतों.

प्रथम आपल्या प्रसिद्ध मातृकाव्याकडे पाहूं. माधव जूलियन आणि यशवंत या दोघांच्याही आईवरील सर्वश्रुत कविता पोरक्या मुलाच्या तोंडच्या आहेत. आई नाहीं, म्हणून ती आठवते. आठवते म्हणून ती निर्दोष होते. श्यामची आईही आपल्याला भेटते ती मोठ्या झालेल्या मुलाच्या स्मरणांतून, आश्रमांतील मित्रांना रात्रीं सांगितलेल्या कथांतून. या कृतींचें मोल आम्ही कमी लेखत नाहीं; त्यांतील उत्कटता खरी आहे. पण त्या सर्वांची बैठक एकच आहे. पाळण्यांत निजलेल्या मुलानें वर पाहिलें म्हणजे जो चेहरा दिसतो, तो त्यांनीं रेखाटला. पाळण्याची दोरी ओढणाऱ्या बाईला तेथून काय दिसतें, तिचा हात भरून आला आहे काय, तिला त्या क्षणीं उठून कोठेंतरी निघून जावेंसें वाटतें काय, हें त्या बैठकीवरून दिसणें शक्यच नव्हतें. शिवाय देवालाच एकदां माउली म्हटल्यावर माउलीला थकवा येतो हें बोलणें पाखंड ठरतें. उपमेचें हें ओझें आमच्या स्त्रियांनीं शतकानुशतकें वाहिलें आहे.

कोणी म्हणतील कीं, हें पुरुषांच्या काव्याविषयीं खरें असेल, पण बायकांच्या गाण्यांचें काय? बायकांचीं पारंपरिक गाणीं पाहिलीं तर त्यांत एक मोठी लक्षणीय गोष्ट आढळते. स्त्री गर्भार असतांना तिचे डोहाळे गाइले जातात. तिला काय खावेंसें वाटतें, काय ल्यावेंसें वाटतें, कोठें बसावेंसें वाटतें, हें सगळें तिला विचारलें जातें. सातव्या महिन्यांत तिची ओटी भरून, तिला फुलांनीं सजवून झोपाळ्यावर किंवा चांदण्यांत बसवितात. सासुरवाशिणीच्या आयुष्यांत तिच्या इच्छेला मान मिळण्याचा हा बहुधा एकमेव काळ. मग ती बाळंत होते, बारावा दिवस येतो आणि पाळणा म्हटला जातो. पाळणा अर्थातच बाळाला उद्देशून असतो. म्हणजे मूल जन्मलें त्या घटकेला गाण्याचा विषय बदलतो. कालपर्यंत जिला तुला काय हवें असें विचारीत होते, तिला आज कोणी कांहीं विचारीत नाहीं. आणि आधाराची खरी गरज तिला याच वेळीं असते. डोहाळ्यांचें गाणें आणि पाळणा यांच्यामधील ते दहाबारा दिवस आमच्या गीतपरंपरेंत मुके आहेत.

पण म्हणून त्या दिवसांत बाळंतिणीची हेळसांड होत असे असें मात्र नव्हे. पहिलें बाळंतपण माहेरीं, सव्वा महिना विसांवा, अंगाला तेल, शेकशेगडी, धुरी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतकाढा, कानाला फडकें, ही सगळी व्यवस्था ज्यांनीं घालून दिली ते लोक अडाणी नव्हते. चरकसंहितेनेंही सूतिकेचे रोग बरे होण्यास कठीण मानले आहेत आणि तिच्या परिचर्येचा स्वतंत्र विचार केला आहे. इतकेंच नव्हे, तर बाळंतिणीला एकटें ठेवूं नये, तिच्या उशाशीं लोखंडाची वस्तु असावी, पांचवीला जागावें, सटवाईची पूजा करावी, या रूढींच्या मुळाशीं या दिवसांत बाईच्या जिवाला कांहीं विशेष भय असतें ही जाणीव आहे. भय ओळखलें होतें; परंतु तें बाहेरचें मानलें होतें. बाळंतीण बडबडूं लागली, मुलाला जवळ घेईना, रात्र रात्र डोळा लागेना, कीं बाहेरची बाधा झाली असें ठरे आणि देवऋषी येई. किंवा बाळंतवात झाला असें म्हणून काढ्याची मात्रा वाढे. त्यापेक्षां सौम्य दुःखाला, म्हणजे उगीच रडूं येणें, जीव कशांत न रमणें, आपण या मुलाला सांभाळूं शकणार नाहीं असें वाटणें, याला तर तेवढेंही नांव नव्हतें. त्या खोलींत येणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारी, दूध पुरतें ना? शरीराची इतकी चोख काळजी आणि मनाची इतकी शांत उपेक्षा एकाच खोलींत नांदत होती.

हें सारें पाश्चात्यांचें खूळ आहे, पूर्वींच्या बायका आठ आठ बाळंतपणें करून दुसऱ्या दिवशीं कामाला लागत, असा एक आक्षेप आजही सुशिक्षित घरांतून ऐकूं येतो. त्याचें उत्तर तर्कापेक्षां पुराव्यानें द्यावें हें बरें. प्रसूतीनंतरच्या मनःस्थितीचे वैद्यकशास्त्र तीन भाग करतें. पहिल्या आठवड्यांत येणारें रडूं, चिडचिड व हळवेपणा निम्म्याहून अधिक बाळंतिणींना होतो आणि साधारणतः दोन आठवड्यांच्या आंत आपोआप ओसरतो. दुसरें, खरें नैराश्य; तें आठवडे अथवा महिने टिकतें आणि त्याला उपचार लागतो. तिसरा, उन्माद, तो हजारीं एकदोघींनाच होतो, पण त्यांत आईच्या व मुलाच्या जिवाला धोका असल्यामुळें एक दिवसही न दवडतां इस्पितळ गांठावें लागतें. यांपैकीं नैराश्याविषयीं आपल्या शेजारच्या गोव्यांतच विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं केलेली पाहणी २००२ सालीं प्रसिद्ध झाली. तेथील जिल्हा रुग्णालयांत येणाऱ्या स्त्रियांना बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनीं तपासलें, तेव्हां शेंकडा २३ स्त्रियांत नैराश्य आढळलें. त्यांतील निम्म्याहून अधिक सहा महिन्यांनींही बऱ्या झालेल्या नव्हत्या. भारतांतील अनेक पाहण्या एकत्र करून जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकांत २०१७ सालीं छापलेल्या निबंधांतही हें प्रमाण शेंकडा २२ च्या आसपास निघालें. म्हणजे दर चारपांच बाळंतिणींत एक. गोव्याच्या पाहणींत या दुःखाचीं जीं कारणें पुढें आलीं, तीं तर अगदीं आपल्या घरचीं आहेत: गरिबी, नवऱ्याशीं बेबनाव व मारहाण, आणि मुलगा हवा असतांना मुलगी होणें. हें खूळ परदेशांतून आलें असें म्हणणाऱ्यांनीं यांतील कोणतें कारण परदेशी आहे तें सांगावें.

आतां पूर्वीं याची दखल कोणींच घेतली नाहीं काय? घेतली, आणि तीही याच पुण्यांत. मात्र ती कवींनीं घेतली नाहीं. १८६३ सालीं जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं आपल्या घरीं बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. त्याची हकीकत जोतीरावांनीं ४ डिसेंबर १८८४ च्या आपल्या टिपणांत दिली आहे. मलबारींनीं त्या वर्षीं बालविवाह व सक्तीचें वैधव्य यांविषयीं जो वाद उपस्थित केला होता, त्याला उत्तर म्हणून हें टिपण लिहिलें गेलें. त्यांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरीं स्वयंपाक करणारी काशीबाई नांवाची एक ब्राह्मण विधवा होती. शेजारच्या एका शास्त्रीबुवांनीं तिला फसविलें, दिवस गेले, गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मुलगा झाला, आणि अब्रूच्या भयानें तिनें त्याला मारून प्रेत विहिरींत टाकलें. तिला जन्मठेपेची शिक्षा होऊन अंदमानांत पाठविण्यांत आलें. या प्रसंगानंतर फुले दांपत्यानें आपल्या घराचा दरवाजा अशा स्त्रियांना उघडा केला. टिपण लिहिलें गेलें तोंपर्यंत तेथें ३५ विधवा बाळंत झाल्या होत्या; पण त्यांच्या मुलांपैकीं पांचच जगलीं होतीं. गर्भ लपविण्यासाठीं आयांनीं घेतलेल्या विषारी औषधांनीं बाकीचीं पोटांतच दुखावलीं गेलीं होतीं, असें जोतीराव सांगतात.

वाङ्मयाचा अभ्यासक म्हणून आम्हांला या टिपणाची थोरवी निराळ्या ठिकाणीं दिसते. त्यांत अलंकार नाहीं, हळहळ नाहीं. एका बाळंत झालेल्या स्त्रीचें नांव, तिच्यावर आलेला प्रसंग, त्यांतील पुरुषाचा भाग आणि तिला झालेली शिक्षा एवढेंच क्रमानें सांगितलें आहे. पण त्या क्रमामुळेंच एरवीं न्यायालयाच्या दप्तरांत खुनी म्हणून नोंदली गेलेली बाई वाचकाच्या डोळ्यांपुढें माणूस म्हणून उभी राहते. काशीबाईला कोणता मनोविकार झाला होता, याचें निदान आज दीडशें वर्षांनंतर करीत बसणें आम्हांला अप्रशस्त वाटतें. तिच्यावर समाजाचा जो दाब होता तो स्पष्ट दिसत असतांना त्याला आजाराचें नांव देऊन समाजाला मोकळें सोडणें योग्य नव्हे. परंतु जोतीरावांना एक गोष्ट निश्चित कळली होती. बाळंतिणीला उपदेश नको असतो. तिला दार, अंथरूण आणि तोंड बंद ठेवणारीं माणसें हवीं असतात. त्या गृहांत १८७४ सालीं बाळंत झालेल्या एका विधवेचा मुलगा त्यांनीं दत्तक घेतला. तोच यशवंत पुढें डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतांना सावित्रीबाईंना मृत्यु आला.

या टिपणाच्या दोन वर्षें आधीं पुण्यांतच छापून निघालेलें ताराबाई शिंदे यांचें 'स्त्रीपुरुष तुलना' (१८८२) हें पुस्तकही अशाच एका खटल्यामुळें लिहिलें गेलें. सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल १८८१ सालीं प्रथम फांशीची आणि मागून काळ्या पाण्याची शिक्षा झाली. तिच्या निमित्तानें सगळ्या स्त्रीजातीवर जी चिखलफेक झाली, तिला ताराबाईंनीं असें उत्तर दिलें कीं त्याची धार अजून बोथटली नाहीं. तथापि तें पुस्तक वादाचें आहे. आरोपीच्या पिंजऱ्यांत पुरुषाला उभें करणें हें त्याचें काम, आणि तें त्यानें चोख केलें. विजयालक्ष्मीच्या मनांत त्या रात्रीं काय झालें, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा होता. तो प्रश्न कथाकादंबरीनें उचलावयाचा होता, आणि आमच्या कथाकादंबरीनें तो फारसा उचलला नाहीं.

याचें अधिक बोलकें उदाहरण आनंदीबाई जोशी यांचें आहे. १८७८ सालीं, वयाच्या चौदाव्या वर्षीं, त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांनीं तो गेला. १८८३ सालीं त्या अमेरिकेस गेल्या, १८८६ सालीं फिलाडेल्फियांतील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांतून डॉक्टर झाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, पुण्यांत वारल्या. त्यांचें चरित्र काशीबाई कानिटकरांनीं लिहिलें, श्री. ज. जोशी यांच्या 'आनंदी गोपाळ' (१९६८) या कादंबरीनें तें घरोघर नेलें. त्यावर नाटक झालें, २०१९ सालीं चित्रपट झाला. परंतु ही कथा आपण एकमेकांना ज्या रीतीनें सांगतों तींत तें दहा दिवसांचें मूल एक पायरी म्हणून येतें. मूल गेलें, म्हणून आईनें डॉक्टर होण्याचा निश्चय केला, असें म्हणून सांगणारा लगेच बोटीकडे वळतो. दुःखाचें निश्चयांत रूपांतर झालें कीं आम्हांला बरें वाटतें. दुःख तसेंच राहिलें तर त्याचें काय करावें हें आम्हांला समजत नाहीं. वस्तुतः जाण्यापूर्वीं श्रीरामपूर येथें केलेल्या प्रसिद्ध भाषणांत आनंदीबाईंनीं आपल्या जाण्याचें समर्थन केलें तें देशांत स्त्री-डॉक्टरांची केवढी गरज आहे या सार्वजनिक कारणावर. स्वतःच्या दुःखावर नव्हे. चौदा वर्षांच्या त्या मुलीचे बाळ गेल्यानंतरचे दिवस कसे गेले, तिच्या अंगावरचें दूध आटेपर्यंत तिच्याशीं कोण बोललें, हें आपल्याला माहीत नाहीं. पदवीच्या प्रबंधासाठीं मात्र तिनें विषय निवडला तो आपल्या प्राचीन ग्रंथांतील प्रसूतिशास्त्राचा. या निवडीपुढें वाचकानें क्षणभर थांबावें, एवढें तरी चरित्रकारांनीं करावयास हवें होतें.

येथें इंग्रजी वाङ्मयांतील एका गोष्टीची आठवण होते. कारण तिचा संबंध त्याच फिलाडेल्फिया शहराशीं आहे. शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन लेखिकेला १८८५ सालीं मुलगी झाली आणि त्यानंतर तिच्या मनानें असा कांहीं खालचा सूर धरला कीं दोन वर्षें ती सांवरली नाहीं. १८८७ च्या वसंतांत, म्हणजे आनंदीबाईंच्या निधनानंतर थोड्याच महिन्यांत, ती वेअर मिचेल या त्या काळच्या नामांकित डॉक्टरांकडे फिलाडेल्फियास गेली. त्यांनीं अंथरूण, भरपूर खाणें व सक्तीचा विसांवा हा उपचार केला आणि परत जातांना सांगितलें कीं घरकामांत राहा, डोक्याला ताण देऊं नको, लेखणीला तर पुन्हा हात लावूं नको. या उपचारानें ती वेडाच्या कांठावर आली, आणि तो अनुभव तिनें 'द यलो वॉलपेपर' (१८९२) या कथेंत उतरविला. एका खोलींत कोंडलेली बाळंतीण, प्रेमळ पण ऐकून न घेणारा डॉक्टर नवरा, आणि भिंतीवरच्या पिवळ्या कागदांत तिला दिसूं लागलेली, बाहेर येण्यासाठीं धडपडणारी दुसरी बाई, एवढाच त्या कथेचा ऐवज. आमच्या बाळंतिणीची खोली याहून फार निराळी आहे काय? अंधार, विसांवा, पौष्टिक अन्न, आणि डोळ्यांना त्रास होतो म्हणून वाचन बंद. एक मोठा फरक आहे आणि तो आमच्या बाजूचा आहे: आमच्या खोलींत आई, मावशी, सुईण, शेजारीण यांचा राबता असे. गिलमनची नायिका एकटी आहे. पण एकटेपणा माणसांच्या संख्येवर अवलंबून नसतो. दहा जणी भोंवतीं असून दहाही जणी बाळाकडेच पाहत असल्या, तर तेथेंही बाई एकटीच असते. आजच्या बाळंतिणीला तर तेवढाही राबता उरला नाहीं. सदाशिव पेठेंतला वाडा जाऊन कोथरूडचा किंवा हिंजवडीचा बंद दाराचा फ्लॅट आला. आई चार आठवडे राहून परत जाते. नवरा सकाळीं कामावर जातो. आणि दुपारीं रडणारें मूल व रडणारी आई यांच्याखेरीज घरांत तिसरें कोणी नसतें.

मराठींत कांहींच लिहिलें गेलें नाहीं असें म्हणणें मात्र कृतघ्नपणाचें होईल. लक्ष्मीबाई टिळकांनीं 'स्मृतिचित्रां'त पतीच्या धर्मांतरानंतर आपलें मन कसें ठिकाणावर राहिलें नव्हतें हें ज्या मोकळेपणानें सांगितलें, तो मोकळेपणा पुष्कळ पुरुषांच्या आत्मचरित्रांत नाहीं. हा प्रसंग बाळंतपणाचा नव्हे. पण बाईनें आपल्या मनाचा आजार लाज न धरतां, वर थोडी थट्टा करून, लिहावा हा पायंडा त्यांनीं पाडला. आणि बेबी कांबळे यांच्या 'जिणं आमुचं' (१९८६) या पुस्तकानें तर आमच्या शेकशेगडीच्या कौतुकाला मोठाच धक्का दिला. महारवाड्यांतील कोंवळ्या वयाच्या मुलींचीं बाळंतपणें, ओल्या बाळंतिणीच्या पोटांत अन्नाचा कण नसणें, पोटाला बांधावयाला धड चिंधी नसणें, हें तेथें जसें आलें आहे तसें पूर्वीं कोठें आलें नव्हतें. सव्वा महिन्याचा विसांवा ही महाराष्ट्राची नव्हे, तर महाराष्ट्रांतील कांहीं घरांची रूढि होती, हें या पुस्तकानें एकदां कायमचें सांगितलें. उपाशी बाळंतिणीच्या मनाचें काय होत असेल हा प्रश्न मग वेगळा विचारावा लागत नाहीं.

या लिखित ग्रंथांच्या आधींचा आणि त्यांहून मोठा सांठा ओव्यांचा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनीं पुणें जिल्ह्यापासून आरंभ करून गांवोगांवच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. माणसांना सांगतां येत नाहीं तें बायका जात्याला सांगत. शेजारीं दुसरी बाई दळायला बसलेली असे, ती ऐके आणि आपली ओवी जोडी. आज मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन जें करावयाचें, त्याचें अर्धें काम त्या पहाटेच्या दळणांत होत असे, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं. पिठाची गिरणी आली हें चांगलेंच झालें. बायकांचे हात सुटले. पण हातांबरोबर कानही गेला, आणि त्याची जागा आपण दुसऱ्या कशानें भरून काढली नाहीं.

मग वाङ्मयानें यांत काय करावें? कथाकादंबऱ्यांनीं आरोग्यखात्याचीं पत्रकें व्हावें असें आमचें मुळींच म्हणणें नाहीं. वाङ्मयाचें काम शब्द देण्याचें आहे, आणि येथें नेमका शब्दांचाच तुटवडा आहे. एडिंबरो शहराच्या नांवानें ओळखली जाणारी, १९८७ सालीं तयार झालेली एक प्रश्नावली जगभर बाळंतिणींची मनःस्थिति जोखण्यासाठीं वापरतात. तींत अवघीं दहा साधीं वाक्यें आहेत. गेल्या सात दिवसांत आपल्याला हंसूं आलें का, उगीच भीति वाटली का, झोंप लागेना इतकें दुःख झालें का, जिवाचें बरेंवाईट करावेंसें वाटलें का, अशा अर्थाचीं. या दहा वाक्यांचें सामर्थ्य त्यांच्या साधेपणांत आहे. गोव्यांत तीं कोंकणींत नेतांना हाच साधेपणा राखावा लागला असला पाहिजे. मराठींत नैराश्य हा शब्द पुस्तकी आहे. घरांतली बाई नैराश्य आलें असें कधीं म्हणत नाहीं. ती म्हणते, जीव लागत नाहीं, कांहीं नकोसं झालंय, डोकं भणाणतं, छातींत धडधडतं, बाळाकडे बघवत नाहीं. आणि हें शेवटचें वाक्य तर ती बहुधा म्हणतच नाहीं. कारण तें म्हणणारी आई तिनें कोणत्याही पुस्तकांत पाहिलेली नसते. ज्या मुलीनें शाळेंत आईवरच्या दोन कविता पाठ केल्या, तिला स्वतः आई झाल्यावर ममतेचा पूर आला नाहीं तर ती वाङ्मयाला खोटें ठरवीत नाहीं; ती स्वतःला खोटी ठरविते. आमच्या मातृकाव्यानें नकळत केलेला अपराध तो हाच.

अशा लिखाणानें मातृत्वाचें पावित्र्य कमी होईल, अशी भीति कांहीं सज्जनांना वाटते. आम्हांला उलट वाटतें. ममता ही नळाच्या पाण्यासारखी तोटी फिरवितांच येत नाहीं. कित्येक स्त्रियांना ती हळूहळू, जागरणांतून, ओळखीनें येते. आणि आजारानें अडलेली ममता उपचारानें मोकळी होते. हें कळल्यानें आईपण लहान होत नाहीं, तें खऱ्या उंचीचें दिसूं लागतें. कायद्यालाही हें आतां उमगूं लागलें आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यविषयक कायद्यानें असें ठरविलें कीं मनाच्या आजारासाठीं दाखल झालेल्या आईपासून तिचें तीन वर्षांखालील मूल सामान्यतः दूर करूं नये. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेंत आई व तान्हें मूल यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें चालविलेल्या टेलि-मानस या सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करून कोणत्याही बाळंतिणीला किंवा तिच्या घरच्यांना मराठींत सल्ला विचारतां येतो. याउलट, इंग्लंडनें १९२२ सालींच प्रसूतीनें मन विचलित झालेल्या आईच्या हातून होणाऱ्या अर्भकहत्येला खुनाहून वेगळा, सौम्य गुन्हा मानलें. आमच्या १८६० च्या दंडसंहितेंत तसा भेद नव्हता, आणि २०२४ पासून अमलांत आलेल्या नव्या न्यायसंहितेंतही तो नाहीं. काशीबाईच्या खटल्यापासून या एका बाबतींत आपण जागचे हललों नाहीं, ही गोष्ट विचारी वाचकांनीं लक्षांत घ्यावी.

असो. मराठी लेखकांपुढें, आणि विशेषतः लेखिकांपुढें, एक अख्खी खोली अजून बंद पडलेली आहे. तींत जावयाला धैर्य लागेल, कारण तेथें जें आढळेल तें सगळेंच गोड नसेल. पण जोतीरावांच्या त्या निरलंकार टिपणानें वाट दाखविली आहे, आणि बेबीताईंनीं ती रुंद केली आहे. तोंपर्यंत ज्यांच्या घरीं नवें मूल आलें आहे अशा वाचकांना आमची एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळीं पेढे घेऊन त्या खोलींत जाल, तेव्हां बाळ कोणावर गेलें आहे हें पाहण्याआधीं आणि दूध पुरतें का हें विचारण्याआधीं, बाळंतिणीजवळ बसा आणि तिला विचारा, तुला कसें वाटतें? विचारून लगेच उठूं नका. उत्तर यावयाला वेळ लागतो.